न गेलेल्या सभेतली माझी हजेरी

मी मूळची परभणीकडची. नोकरीसाठी पुण्यात आले आणि घर घ्यायची वेळ आली तेव्हा शहरात काही जमेना, म्हणून मुळशी तालुक्यात, हिंजवडीच्या मागच्या अंगाला असलेल्या एका गावात फ्लॅट घेतला. बिल्डरच्या माहितीपत्रकात गावाचं नाव कुठेच नव्हतं. 'हिंजवडीपासून सात मिनिटं' एवढंच होतं. ही सात मिनिटं कोणत्या वाहनाने आणि दिवसाच्या कोणत्या वेळी, हे विचारायचं माझ्याकडून राहून गेलं.

राहायला आल्यावर कळलं की आपण ग्रामपंचायतीत राहतो. सोसायटीतल्या बऱ्याच जणांना हे अजूनही कळलेलं नाही. पार्सल मागवताना ते पत्त्यात बिनदिक्कत पुणे लिहितात आणि पार्सलवाला गावच्या कमानीखाली उभा राहून फोन करतो, की मॅडम, हे कुठलं पुणे? मी मात्र मतदार यादीतलं नाव इकडे आणून घेतलं होतं. त्यामागे लोकशाहीवरचं प्रेम वगैरे काही नव्हतं. मतदानाला परभणीला जायचं म्हणजे दोन दिवस मोडायचे, एवढंच कारण.

आमच्या इमारतीच्या मागे गायरानाचा एक तुकडा आहे. पहिली काही वर्षं तिथे म्हशी चरायच्या आणि आमचे लोक बाल्कनीतून त्यांचे फोटो काढून 'नेचर' असं लिहून टाकायचे. मग एका सकाळी एक ट्रॅक्टर आला, त्याने ट्रॉलीभर कचरा तिथे ओतला आणि तो निघून गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. महिन्याभरात म्हशी दिसेनाशा झाल्या आणि खिडक्या बंद झाल्या. सोसायटीची ऑनलाइन मीटिंग भरली. कुणीतरी पंचायतीशी बोललं पाहिजे, यावर सगळ्यांचं एकमत झालं. नेमक्या त्याच वेळी मी कुकरच्या शिट्ट्या मोजायला स्वयंपाकघरात गेले होते. परत येऊन बघते तर सगळे माझं अभिनंदन करत होते.

आमच्या ग्रामसेवकांना गावात भाऊसाहेब म्हणतात. चाळिशीचे, कडक इस्त्रीचा शर्ट, बोलणं अतिशय गोड. त्यांच्याकडे दोन गावांचा कारभार आहे, त्यामुळे ज्या गावात त्यांना शोधावं ते सोडून दुसऱ्या गावात ते असतात. चौथ्या खेपेला ते मला सापडले. माझं सगळं ऐकून घेतलं, चहा मागवला आणि म्हणाले, "मॅडम, हा विषय ग्रामसभेतला. ग्रामसभा म्हणजे गावची संसद. तुम्ही तिथे येऊन मांडा."

"कधी असते?"

"नोटीस लावतो ना आम्ही. सात दिवस आधी. बाहेर बोर्ड आहे बघा."

बाहेर बोर्ड होता. काचेची पेटी, तिला कुलूप, सगळं रीतसर. फक्त त्या पेटीवरून एका नेत्याच्या वाढदिवसाचा भलामोठा फ्लेक्स बांधलेला होता. त्यावर नेता, नेत्याचे वडील, आणि खाली शुभेच्छुकांचे इतके चेहरे होते की गावात मागे कुणी उरलं असेल असं वाटेना. मी परत आत गेले आणि म्हटलं, "भाऊसाहेब, फ्लेक्समुळे नोटीस दिसत नाही. तो जरा बाजूला घेता येईल का?"

"वाढदिवस होऊ द्या की मॅडम."

"कधी आहे?"

"झाला मागच्याच महिन्यात," ते म्हणाले, "पण लगेच उतरवलं तर बरं दिसत नाही."

मी फोन फ्लेक्सच्या मागे सरकवून, टॉर्च लावून फोटो काढला. फोटोत 'सर्व ग्रामस्थांना कळविण्यात येते की' इतकं स्पष्ट आलं आणि पुढे फ्लेक्सची दोरी आली. ग्रामस्थांना काय कळवण्यात येत होतं ते दोरीखाली राहिलं. शेवटी पंचायतीच्या शिपायाला माझी दया आली. "येत्या मंगळवारी धा वाजता, मारुतीच्या देवळात," असं तो इकडे तिकडे बघत म्हणाला. जणू छाप्याची टीप देत होता.

मंगळवारी अर्धा दिवस रजा काढून मी दहाला पाच कमी असताना देवळाच्या सभामंडपात हजर झाले. तिथे मारुती होता आणि खांबाला टेकून झोपलेला एक म्हातारा होता. साडेदहाला भाऊसाहेब बगलेत रजिस्टर घेऊन आले. मला बघून जरा दचकले, मग घड्याळ बघितलं आणि समोरच्या रिकाम्या सतरंजीला उद्देशून म्हणाले, "कोरम नाही. सभा तहकूब करण्यात येत आहे."

"मग आता?"

"आता पुन्हा घ्यावी लागेल."

"कधी?"

"कळवतो ना."

मी कंपनीत गेले. संध्याकाळी येताना पंचायतीवरून आले तर शिपाई शटर ओढत होता. त्याला विचारलं, पुढची सभा कधी?

"झाली की, मॅडम."

"झाली? कुठे झाली?"

"तहकूब सभंला कोरम लागत न्हाई," तो समजावणीच्या सुरात म्हणाला. मी विचारलं होतं कुठे, तो सांगत होता किती. यापलीकडे त्याच्याकडून काही निघेना.

आमच्या गेटसमोर एका मावशींचा बंगला आहे. आमची सोसायटी उभी आहे ती जमीन त्यांचीच. वरच्या दोन मजल्यांवर त्यांनी खोल्या काढून भाडेकरू ठेवलेत, त्यातले निम्मे पिरंगुटच्या कारखान्यांत जातात, निम्मे हिंजवडीत. मावशी स्वतः पायरीवर काही ना काही निवडत बसलेल्या असतात. वय साठीच्या पुढे, आवाज चढा. सोसायटीवाल्यांना त्या बिचारे समजतात, कारण आम्ही पाणी विकत पितो. त्या संध्याकाळी माझा चेहरा बघून त्यांनी मला थांबवलं. मी झालेलं सांगितलं तर त्या पावट्याच्या शेंगा सोलता सोलता हसायला लागल्या.

"सभेला गेलीवतीस व्हय? मी पाच वरीस मेंबर व्हते, मी न्हाई कदी गेले."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "तुम्ही पंचायतीच्या सदस्य होतात?"

"व्हय की. बायांची जागा निघाली, मंग मला उबी क्येली. निवडून आले. गुलाल बिलाल समदं झालं. दुसऱ्या दिवसापास्नं ह्ये जायचे." ह्ये म्हणजे त्यांचे मालक, आता हयात नाहीत. "ह्ये जायचे, बोलायचे, चा पिऊन यायचे. रजिस्टर मागनं घरी यायचं. मी हात धुवायची आन् सही करायची."

"आणि तुम्हाला जावंसं नाही वाटलं?"

"येकदा म्हनले, मला बी न्या की, बगू तरी काय करत्यात. तर म्हनले, तितं बायांचं काय काम?"

"पण मावशी, मेंबर तुम्ही होतात!"

"त्येच तर," मावशी म्हणाल्या आणि शेंगेतून निघालेली अळी त्यांनी बोटाने उडवली. "सही मातर मी शिकले. आदी येत न्हवती. माजी लेक चौथीत व्हती, तिनं पाटीवर गिरवून घेतली माज्याकनं. पंधरा दिस. म्हनलं, अंगठा न्हाई लावायचा. निवडून आलेली बाई हाये मी."

मी पायरीवर बसून त्यांच्याबरोबर शेंगा सोलायला लागले.

न झालेल्या सभेत काय झालं ते बघावं म्हणून मी इतिवृत्त पाहायला मिळावं असा अर्ज केला. भाऊसाहेब म्हणाले, अजून लिहायचं चाललंय. पुढच्या आठवड्यातही लिहायचं चाललं होतं. महिना झाला तरी चाललंच होतं. कुणालाही न दिसता उरकलेली ती सभा लिहून काढायला इतका वेळ लागत होता, म्हणजे आत बरंच काही घडलं असणार. शेवटी मी मावशींना सोबत घेऊन गेले. मावशींना नाही म्हणायची गावात पद्धत नाही. भाऊसाहेबांनी रजिस्टर काढून समोर ठेवलं. अक्षर खरोखर सुरेख होतं आणि त्यांना त्याचा अभिमानही असावा, कारण पान ते स्वतः उलटून देत होते.

ग्रामसभेच्या आदल्या दिवशी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते, हे मला तेव्हा कळलं. ती झाल्याचीही नोंद होती. उपस्थित महिलांची यादी दोन पानं भरून होती. मी नुसतीच वरून खाली बोट फिरवत होते आणि बोट थांबलं. माझं नाव. नावापुढे माझी सही. मी इंग्रजीत सही करते, ती सापाने कात टाकल्यासारखी दिसते. ही मराठीत होती, गोल, सुबक, वेलांटीला छान वळण दिलेली. माझ्या आईने बघितली असती तर तिला बरं वाटलं असतं.

पान उलटलं. ठराव होता: गावाच्या स्वच्छतेच्या दृष्टीने गायरानातील जागा घनकचरा संकलनासाठी वापरणेस ही सभा सर्वानुमते मंजुरी देत आहे. सूचक म्हणून सरपंचबाईंचं नाव. आणि अनुमोदक म्हणून माझं.

माझ्या खिडकीखाली कचरा टाकायला मीच अनुमोदन दिलं होतं.

"भाऊसाहेब," मी म्हटलं, "त्या दिवशी मी कंपनीत होते. तिथल्या हजेरीच्या मशीनवर माझं कार्ड पंच झालंय."

भाऊसाहेब जराही ओशाळले नाहीत. "मॅडम, त्याचं काय असतं, महिला येत नाहीत. मग कागद कसा पुरा करायचा? तुमच्यासारख्या सुशिक्षित महिलेचं नाव असलं की ठरावाला वजन येतं."

खरं सांगायचं तर क्षणभर मला बरंही वाटलं. कंपनीत इतकी वर्षं काढली, माझ्या नावाने कशाला वजन आल्याचं कुणी म्हटलं नव्हतं.

मावशींनी सूचकाचं नाव मला परत वाचायला लावलं. "सरपंचीन? ती त्या टायमाला म्हायेरी व्हती. भनीची हळद व्हती तिच्या. मीच यष्टीत बसवून दिली तिला." मग त्या म्हणाल्या, "माजं नाव हाये का गं बग."

होतं. पहिल्याच पानावर होतं. आणि नावापुढे निळ्या शाईचा अंगठा होता.

मावशी रजिस्टरावर वाकल्या. "ह्यो कुणाचा?"

"तुमचाच असेल मावशी," भाऊसाहेब हसून म्हणाले.

"मी सही करती."

"हो, पण आता वय झालं, कधी कधी—"

"मी सही करती, भाऊसाहेब. तुमच्या आदीच्या भाऊसाहेबाच्या रजिस्टरात पाच वरीस क्येलीया. काडून बगा."

आवाज चढलेला नव्हता. मावशींचा आवाज खाली आलेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. भाऊसाहेबांनी जुनी रजिस्टरं काही काढली नाहीत. घरी येताना गेटपाशी मावशी थांबल्या. "म्होरली सभा कदी हाये?"

सात दिवस आधी लागणाऱ्या नोटिशीवर आमचा आता विश्वास नव्हता. मावशींचा एक भाडेकरू स्टँडवर चहाची टपरी चालवतो. पंचायतीत काहीही व्हायचं असलं की आदल्या दिवशी त्याच्याकडे चहा सांगितला जातो. त्याला मावशींनी बजावून ठेवलं. मी सोसायटीच्या ग्रुपवर सगळी हकीकत टाकली. लोक भयंकर चिडले. "वुई मस्ट ऑल गो," असं तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी लिहिलं आणि त्याखाली भराभर अंगठे उमटले. आमच्या लोकांचे अंगठे कुणाला चोरावे लागत नाहीत, ते आपणहून देतात.

मावशींनी गावठाणात वेगळीच मोहीम काढली. ग्रामसभा, लोकशाही, गायरान, यातला एकही शब्द त्यांनी वापरला नाही. घरोघर जाऊन एवढंच सांगितलं, "तुज्या नावाम्होरं बी अंगठा हाये." बारावी झालेल्या सुना, शाळेत शिकवणारी एक, बचत गटाची अध्यक्ष, सगळ्यांच्या नावापुढे अंगठे होते. यादीतली दोन पानं मी फोनवर घेऊन ठेवली होती, ती त्या बायकांना दाखवत हिंडले. एक सून आपला अंगठा बघून एवढंच म्हणाली, "आणि मी डी.एड. हाये."

चहाची वर्दी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीतून आम्ही नऊ जण निघालो. तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांना कॉल होता. देवळापाशी पोचलो तर गावठाणातल्या तीसेक बाया आधीच येऊन बसल्या होत्या, आणि त्यांच्या मागून काय चाललंय हे बघायला काही पुरुषही आलेले. पुढे खुर्च्या मांडलेल्या. मधल्या खुर्चीवर सरपंच बसलेले. सरपंच म्हणजे सरपंचबाईंचे यजमान. त्यांना सगळे सरपंचच म्हणतात, तेही स्वतःला तेच म्हणतात, आणि त्यांच्या जीपवर तसं लिहिलेलंही आहे. खऱ्या सरपंचबाई खांबाजवळ, सतरंजीच्या कडेला, डोक्यावरून पदर घेऊन बसल्या होत्या. तिशीच्या असतील.

भाऊसाहेबांनी आम्हाला बघितलं. मग ते डोकी मोजायला लागले आणि मोजता मोजता त्यांचा चेहरा उजळला. शंभर हवे होते, सत्तरही नव्हते. "कोरम नाही," ते म्हणाले. "सभा तहकूब. अर्ध्या तासाने याच ठिकाणी पुन्हा घेण्यात येईल."

पुरुष उठले. बायाही पदर झटकत उठायला लागल्या. त्यांना वाटलं संपलं. मलाही तसंच वाटलं. मावशी हलल्या नाहीत. "बसा गं खाली," त्या ओरडल्या. "तहकूबला कोरम लागत न्हाई. धा असलो तरी चालतंय."

बाया बसल्या. भाऊसाहेबांची पंचाईत झाली. त्यांच्या आजवरच्या नोकरीत तहकूब सभेला कुणी आलेलं नसावं. तो अर्धा तास त्यांनी फोन कानाला लावून देवळाला फेऱ्या मारण्यात घालवला. चहा आला, तो बावीस कप होता. खुर्च्यांवरच्या मंडळींनी कप उचलले, समोर साठ माणसं बघत बसली, तेव्हा त्यांना तो गिळवेना. एकाने आपला कप हळूच सतरंजीवर सरकवला.

अर्ध्या तासाने भाऊसाहेबांनी मागच्या सभेचं इतिवृत्त वाचायला घेतलं. लग्नात भटजी शेवटचे मंत्र उरकतात, त्या वेगाने. मावशी उठून उभ्या राहिल्या.

"थांबा." मग त्या मधल्या खुर्चीकडे वळल्या. "ही खुर्ची कुणाची रं?"

सरपंच त्यांच्या चुलत दिराचा मुलगा. "सरपंचाची, काकी."

"मंग सरपंच कुटं हाये?"

कुणीतरी मागे फिसकन हसलं. सरपंचही हसले. "काकी, आता आमी दोगं काय येगळे हाओत का?"

"मताच्या मशिनीवर कुणाचं नाव व्हतं?"

सरपंचांनी हातातला कप खाली ठेवला.

"मी बी ह्येच केलं," मावशी म्हणाल्या. आता त्या त्याच्याशी बोलत होत्या की आम्हा सगळ्यांशी, कळेना. "पाच वरीस घरी बसून हात धुतले आन् सह्या केल्या. तुज्या काकाला बसवला तितं. त्यो वाईट न्हवता, तू बी वाईट न्हाईस. पर माजं चुकलं. तू ऊट."

तो चाळिशीला आलेला माणूस, जीपवाला, तालुक्यात ओळखी असलेला. काही क्षण तो बसून राहिला. मग काकीसमोर पुतण्या उठतो तसा उठला आणि बाजूला जाऊन उभा राहिला. सरपंचबाई मात्र जागच्या हलेनात. खुर्ची रिकामी, सगळं देऊळ खांबाकडे बघतंय. शेजारच्या दोघींनी त्यांना अक्षरशः ढकललं. त्या गेल्या, खुर्चीच्या अगदी कडेवर बसल्या, दोन्ही हात मांडीवर. मग त्या खाली बघतच म्हणाल्या, "वाचा भाऊसाहेब. सावकाश वाचा. मला कळलं न्हाई."

भाऊसाहेबांनी सावकाश वाचलं. गायरानाचा ठराव आला तेव्हा सरपंचबाईंनी हात वर केला, शाळेत करतात तसा. "सूचक म्हणून माझं नाव हाये. मी त्या दिवशी म्हायेरी होते."

यजमान मोठ्याने खाकरले. सरपंचबाईंनी मान वर केली नाही, पण हातही खाली घेतला नाही.

मी या प्रसंगासाठी सात मुद्द्यांचं सादरीकरण तयार केलं होतं. लॅपटॉप बॅगेत होता. देवळात पडदा नव्हता हे एक, आणि दुसरं म्हणजे सातातला एकही मुद्दा मला आठवेना. मी उभी राहिले आणि एवढंच म्हणू शकले, "अनुमोदक मी आहे. मी त्या दिवशी कंपनीत होते."

लोक हसायला लागले. मग एकेक आवाज यायला लागला. "ह्यो अंगठा माजा न्हाई." "माजा बी न्हाई." "मी तर दवाखान्यात व्हते." मागच्या खांबाला टेकलेला म्हातारा जागा झाला आणि त्याने मोठ्याने विचारलं, "मंग ठराव केला कुणी?"

"सर्वानुमते झालाय," भाऊसाहेब सवयीने म्हणाले आणि त्यानंतर जे हसू उसळलं त्यात ते स्वतःही सामील झाले. त्यांना दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

ठराव रद्द करण्याची तरतूद शोधावी लागेल, असं त्यांनी सांगितलं. तूर्त 'फेरविचारार्थ स्थगित' असं लिहिता येईल. सरपंचबाई म्हणाल्या, लिहा. भाऊसाहेबांनी त्यांच्या सुरेख अक्षरात तिथल्या तिथे लिहिलं. आणि मग रजिस्टर सह्यांना फिरलं. मावशींकडे आलं तेव्हा त्यांनी पेन हातात घेतलं, पदराने बोटं पुसली आणि एकेक अक्षर काढायला लागल्या. वेळ लागला. मध्ये एकदा पेन उचलून त्यांनी लिहिलेलं तपासलं. भाऊसाहेब पान दाबून धरून उभे होते. कुणी घाई केली नाही. सही झाली तेव्हा ती ओळीच्या बाहेर, खालच्या बाईच्या रकान्यात उतरली होती. मी सगळ्यांची नजर चुकवून डोळे पुसले. आमच्या नऊ जणांत सॉफ्टवेअर टेस्टिंग करणारी एक मुलगी होती, ती मला विचारत होती, मॅडम, धूळ गेली का?

ट्रॅक्टर आठ दिवस आला नाही. आमच्या ग्रुपवर जल्लोष झाला, तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी 'पीपल्स पॉवर' असं लिहिलं. नवव्या दिवशी ट्रॅक्टर आला आणि त्याने कचरा गायरानाच्या पलीकडच्या टोकाला ओतला, जिथे दुसरी एक सोसायटी आहे. आमच्या लोकांना हा तोडगा पटला. पंधरवड्याने त्या सोसायटीतले एक दमलेले गृहस्थ मला भेटायला आले. त्यांच्या मीटिंगमध्ये त्यांची निवड झाली होती. "मॅडम, ग्रामसभा नेमकी कधी असते?" त्यांनी विचारलं. मी त्यांना चहाच्या टपरीचा पत्ता दिला.

पुढच्या सभेला आमच्या नऊचे तीन झाले. बाकीच्यांनी भाऊसाहेबांना लेखी मागणी केली की सभेची ऑनलाइन लिंक द्यावी, नागरिकांचा हक्क आहे. भाऊसाहेबांनी आनंदाने दिली. सभा सुरू होताच त्यांनी फोनवर लिंक चालू केली आणि फोन शर्टाच्या खिशात ठेवला. सोसायटीतल्या चाळीस जणांनी घरी बसून दीड तास त्यांच्या खिशाची सळसळ ऐकली. शेवटी एकाने प्रश्नही विचारला म्हणे. भाऊसाहेबांच्या छातीतून आवाज आला तेव्हा देवळातल्या दोन म्हाताऱ्यांनी मारुतीकडे बघून हात जोडले.

त्या सभेला सरपंचबाई खुर्चीवर होत्या. यजमान शेजारी घरून आणलेली प्लास्टिकची खुर्ची टाकून बसले आणि मधून मधून त्यांच्या कानाशी वाकत होते. बाई ऐकून घेत होत्या आणि मग काय करायचं ते करत होत्या. कधी त्यांचं, कधी आपलं. कचऱ्याचा विषय पुन्हा निघाला. ओला-सुका वेगळा करायची शेड बांधायचं ठरलं. कुठे, यावर अजून चर्चा चालू आहे, आणि तोवर ट्रॅक्टर दोन्ही सोसायट्यांच्या बरोबर मध्ये थांबतो.

त्यानंतर काही दिवसांनी दुपारी मला अनोळखी नंबरवरून फोन आला. "ताई, मी सरपंच बोलतीये." मी क्षणभर यजमानांचा आवाज येईल म्हणून थांबले. तो आला नाही. "वेळ असंल तर घरी येता का? अजेंडा कसा लिहितात ते मला बगायचंय. भाऊसाहेब नेहमी लिहूनच आणतात."

मी गेले. यजमान तालुक्याच्या कामासाठी पौडला गेले होते. आम्ही स्वयंपाकघरात, ओट्याशेजारच्या टेबलावर बसलो. त्यांनी मागच्या सभेचा कागद समोर ठेवला होता आणि पेन्सिलीने काही शब्दांखाली रेघा मारल्या होत्या. शेवटच्या विषयावर बोट ठेवून त्यांनी मला विचारलं, "हे काय हाये? 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय'. हे अध्यक्ष कोण? तालुक्यावरनं येतात का?"

"अध्यक्ष तुम्ही," मी म्हटलं.

त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली. "म्हंजे माझी परवानगी लागती?"

"तुमचीच."

त्यांनी पेन्सिल उचलली, मग ठेवून पेन घेतलं. मला वाटलं रस्ता लिहितील, पाणी लिहितील, गायरान लिहितील. त्या म्हणाल्या, "ताई, पंचायतीच्या ऑफिसात बाईला जायला संडास न्हाई. येक हाये तो पुरुषांचा. निवडून आल्यावर दोनदा गेले मी तितं, ह्यांच्याबरोबर. तासाभरात घरी पळून आले. लोक म्हनले, सरपंचीन बाईला बसवत न्हाई, तिला काही कळत न्हाई. म्हणून मग हेच जायला लागले."

हे मी कुठल्याच इतिवृत्तात वाचलेलं नव्हतं. माझ्या सात मुद्द्यांतही ते नव्हतं.

"हा विषय घालता येतो का?" त्यांनी विचारलं. "की हसतील?"

"हसतील," मी म्हटलं. "घालता येतो."

त्यांनी विषय क्रमांक एक लिहिला. अक्षर भाऊसाहेबांइतकं सुरेख नव्हतं, पण वाचता येत होतं. मग आतून त्यांच्या सासूबाई काय चाललंय ते बघायला आल्या, कागद हातात घेऊन लांब धरून त्यांनी तो वाचला, आणि म्हणाल्या, "कडी आतनं बसवायला सांग. न्हाईतर ही मानसं भायेरनं बसवत्याल."

सरपंचबाईंनी तेही लिहिलं.